माझे पप्पा ‘चांगल्या ठिकाणी’ गेले, असं म्हणू नका

एप्रिल २०२१ मध्ये माझे पप्पा गेले. नगरमध्ये तेव्हा ऑक्सिजनचा बेड मिळायला आम्हाला दीड दिवस लागला. नवव्या दिवशी पहाटे हॉस्पिटलमधून फोन आला. कबरस्थानात पीपीई किट घातलेले चौघं, मी आणि माझा चुलतभाऊ, एवढेच होतो. पाळकसाहेब फोनच्या स्पीकरवर प्रार्थना करत होते आणि मधेच रेंज जात होती. आई घरी क्वारंटाइन होती. चाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, तिला मूठभर मातीही टाकता आली नाही.

घरी येऊन फोन बघितला, तर फॅमिली ग्रुपवर आणि मंडळीच्या ग्रुपवर मेसेजचा ढीग. पांढरी कबुतरं, जोडलेले हात आणि जवळपास प्रत्येक मेसेजमध्ये एकच वाक्य. ते आता अधिक चांगल्या ठिकाणी आहेत. मी एकेक मेसेज आईला वाचून दाखवत होतो. पाच-सहा ऐकल्यावर ती म्हणाली, “अधिक चांगल्या म्हणजे कुणापेक्षा? आपल्यापेक्षा?”

मला उत्तर देता आलं नाही. शब्बाथ शाळेत शिकलोय, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत होस्टेलवर प्रार्थनासभा चालवलीय, तरी नाही देता आलं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेलं उत्तर आहे. त्यासाठी मला आधी आपल्याच लोकांशी भांडायचंय आणि मग माझ्या नास्तिक मित्रांशी.

आपल्या लोकांपासून सुरुवात करतो.

ख्रिस्ती घरात मरण आलं की आपण घाई करतो. समोरचा रडायला लागला की लगेच सार्वकालिक जीवन काढतो, जसं पोरगं रडलं की मोबाइल हातात देतात. ‘रडू नका, ते प्रभूजवळ आहेत.’ यातला दुसरा भाग मी मानतो. भांडण पहिल्या भागाशी आहे. प्रभूजवळ आहेत म्हणून रडायचं नाही, हे कुणी शिकवलं? पौलाने थेस्सलनीकातल्या मंडळीला मेलेल्यांविषयी लिहिलं, त्याचा आधार देतात. तिथे त्याने शोकच करू नका असं लिहिलेलं नाही. ज्यांना काहीच आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं त्याचं म्हणणं आहे. आपण त्या वाक्याचा अर्धा भाग कापला आणि उरलेला अर्धा विधवांच्या तोंडावर मारला.

योहानाच्या शुभवर्तमानातली लाजराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. येशू बेथानीला पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आता आपण त्याला उठवणार, हे येशूला माहीत आहे. तरी तो आधी रडतो. मला ही गोष्ट चमत्कारापेक्षा मोठी वाटते. ज्याला शेवट माहीत होता, त्यानेही मधलं दुःख स्किप केलं नाही. मग पाळकसाहेब, फक्त पाच मिनिटं आईला रडू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

याच्या पुढची पायरी आणखी वाईट. पप्पांना जाऊन महिना झाला होता. मावशीने आईला एका ऑनलाइन सभेची लिंक पाठवली. स्क्रीनवरचा उपदेशक घाम पुसत ओरडत होता की, ज्याचा विश्वास पक्का आहे त्याच्या उंबऱ्याला मरी शिवणार नाही. खाली देणगीसाठी क्यूआर कोड. आईने शांतपणे फोन उलटा ठेवला आणि विचारलं, “म्हणजे तुझ्या पप्पांचा विश्वास कमी पडला का रे?” एसटीत मेकॅनिक म्हणून पस्तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घालून काम केलेला आणि रोज पहाटे पाचला गुडघ्यांवर बसणारा माणूस. त्याच्या बायकोला हा प्रश्न पडावा, याला मी पाप म्हणतो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. विश्वास म्हणजे विमा, प्रार्थना म्हणजे हप्ता आणि मरण म्हणजे रिजेक्ट झालेला क्लेम, असा हा धंदा आहे. यात सार्वकालिक जीवनाची गरजच उरत नाही, कारण सगळं इथेच, याच महिन्यात मिळणार असतं. आणि नाही मिळालं तर दोष तुमचा.

आता जरा नीट वाचूया की, बायबल मरणाबद्दल नेमकं काय म्हणतं.

पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. सुटका म्हणत नाही, दार म्हणत नाही. शत्रूने माझे पप्पा नेले, तर मी शत्रूचे आभार मानायचे का? आशा आहे ती शत्रू हरणार याची. तो मित्र आहे, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि जिंकणं म्हणजे काय, तर पुनरुत्थान. आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात स्वर्गाचं जे चित्र आहे ते प्लेटोच्या जास्त जवळ जातं. शरीर म्हणजे तुरुंग, आत्मा उडाला की सुटला, वर ढगांत पांढरे कपडे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात मात्र प्रवासाची दिशाच उलटी आहे. तिथे माणसं वर जाऊन गोष्ट संपत नाही, पवित्र नगरी वरून खाली उतरते. नवं आकाश आहे आणि त्याच्याबरोबर नवी पृथ्वीही आहे. ख्रिस्ती माणूस या पृथ्वीतून पळून जाण्याची वाट बघत नाही, ती दुरुस्त होण्याची वाट बघतो. पप्पांना हे कदाचित माझ्याआधी कळलं होतं. बिघडलेली गाडी भंगारात काढायला त्यांचा जीव होत नसे.

त्याच प्रकटीकरणाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे, जो मी एकाही दफनविधीत ऐकलेला नाही. विश्वासासाठी मारले गेलेल्यांचे आत्मे वेदीखाली आहेत, म्हणजे आपल्या भाषेत ‘अधिक चांगल्या ठिकाणी’ पोचलेले. आणि ते काय करताहेत? मोठ्याने विचारताहेत की, अजून किती वेळ लावणार, आमच्या रक्ताचा न्याय कधी करणार? त्यांना गप्प बसवलं जात नाही. शुभ्र झगा देऊन थोडं थांबायला सांगितलं जातं. देवाच्या अगदी जवळ बसलेले मृतसुद्धा तक्रार करतात, तर जमिनीवरच्या जिवंतांना तक्रार करायची बंदी कशी?

इथे माझे नास्तिक मित्र हसतील. माझ्या टीममध्ये एक आहे, पुण्याचा, वाचणारा, मला आवडणारा. त्याने विचारलं होतं, “अरे, पण हे सगळं सहन होत नाही म्हणून तू मानतोस ना? अफूच आहे ती.”

त्यातला पहिला भाग मी मान्य करतो. हो, सहन होत नाही. मला पप्पा परत बघायचेत. पण एखादी गोष्ट मला हवी आहे, यावरून ती खरी ठरत नाही, तशीच ती खोटीही ठरत नाही. तहान लागल्याने पाण्याचं अस्तित्व सिद्ध होत नाही, पण तहानलेल्या माणसाला ‘तुला हवंय म्हणून पाणी नाहीच’ असंही कुणी सांगत नाही. आणि पौलाने पळवाट ठेवलेली नाही. त्याच पंधराव्या अध्यायात तो सरळ लिहितो की, ख्रिस्त उठलाच नसेल तर आमचं सांगणं फुकट, तुमचा विश्वास फुकट आणि सगळ्या माणसांत आम्हीच जास्त कीव करण्यासारखे. हा माणूस आपल्या दाव्याची फेल होण्याची अट स्वतःच लिहून देतो. माझ्या क्षेत्रात अशा डॉक्युमेंटला मान असतो. ‘तुझ्यापुरतं ते खरं असेल’ असली गुळमुळीत सोय त्याला नको आहे. मलाही नको. ते झालं असेल तर सगळ्यांसाठी झालं. नसेल झालं, तर मला कबुतरं पाठवू नका.

अफूचं म्हणाल, तर मार्क्सने १८४४ मध्ये छापलेल्या ज्या मजकुरात धर्माला अफू म्हटलं, तिथेच धर्म म्हणजे पिचलेल्यांचा उसासा असल्याचंही म्हटलंय. लोक फक्त अफू लक्षात ठेवतात. तरी त्याचा आरोप मी उडवून लावणार नाही, कारण ही अफू विकताना मी आपल्याच मंडळीत पाहिलीय.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावाच्या महारवाड्यातले. ते ख्रिस्ती झाले, तेव्हा गावाने म्हटलं, पोटासाठी बाटले. आम्ही अजून ते ऐकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. गावाला आमची जात माहीत आहे, सरकारच्या कागदाला माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या एका बैठकीत मी म्हटलं की, यावर आपण एक ठराव तरी करूया. एक वडीलधारे उठले आणि म्हणाले, “बाळा, आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे. इथल्या दाखल्यांचं काय घेऊन बसलास?” सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला.

काका, ते स्वर्गातल्या नागरिकत्वाचं वचन पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं. फिलिप्पै हे मासेदोनियातलं शहर, पण रोमन वसाहत. तिथे रोमचे निवृत्त सैनिक वसवले होते. तिथल्या लोकांना नागरिकत्व रोमचं, पण राहायचं इथेच आणि इथे रोमच्या कायद्याने वागायचं. नागरिकत्व तिकडचं आहे म्हणून कुणी गाठोडं बांधून रोमच्या गाडीची वाट बघत नव्हतं. आणि याच शहरात स्वतः पौलाने काय केलं होतं, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय, चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की, सोडून द्या, जाऊ देत. पौल गेला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असा त्याचा हट्ट. अधिकाऱ्यांना यावं लागलं, विनवावं लागलं. ज्याने स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल लिहिलं, तो पृथ्वीवरच्या दाखल्यासाठी असा अडून बसला होता. हे मी त्या बैठकीत बोलायला हवं होतं. गप्प बसलो. घरी येऊन शोधून वाचलं, नेहमीसारखं.

आणखी एक गोष्ट मी दुसऱ्या कुणाच्या लक्षात आणून दिलेली नाही, आज देतो. पुनरुत्थानाचा तो पंधरावा अध्याय ज्या टोकाला पोचतो, तिथे पौल काय सांगतो? मरण हरलं, म्हणून आता निवांत बसा, असं म्हणत नाही. म्हणून प्रभूच्या कामात खंबीर राहा, तुमचे कष्ट वाया जाणार नाहीत, असं म्हणतो. आणि त्यानंतर लगेच, सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीपासून, यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी कशी गोळा करायची त्याच्या सूचना आहेत. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा. अध्यायांचे आकडे तेव्हा नव्हतेच, ते शेकडो वर्षांनी पडले. पौलाच्या पत्रात सार्वकालिकता आणि वर्गणीचा डबा एकाला लागून एक आहेत. आपण मधे आकडा टाकला आणि दोन वेगळे उपदेश केले.

कुणी म्हणेल, हे पुस्तकातलं झालं. मग केडगावला चला, दौंडजवळ. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि वर्षभराच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई गेल्या. ‘अधिक चांगल्या ठिकाणी’ जाण्याची घाई करण्याचा हक्क कुणाला असेल, तर या बाईला होता. तिने काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. त्यांच्यासाठी शाळा काढली, शेती उभी केली, छापखाना घातला आणि तो बायकांकडून चालवला. साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत यावं, म्हणून मूळ भाषा शिकून आयुष्याच्या शेवटापर्यंत भाषांतर करत राहिल्या. सार्वकालिक जीवनावर विश्वास असलेली बाई अशी दिसते. अफू घेतलेला माणूस खिळे जुळवत बसत नाही.

आता माझ्या क्षेत्राचाही थोडा समाचार घेतो, नाहीतर अन्याय होईल. टेकमधले लोक ख्रिस्ती माणसाला हसतात, पण अमर व्हायची हौस त्यांना कमी नाही. रे कर्झवाइल यांनी २००५ च्या पुस्तकात २०४५ पर्यंत माणूस आणि यंत्र एक होण्याचं भाकीत केलं. ब्रायन जॉन्सन वय मागे नेण्यासाठी वर्षाला लाखो डॉलर उडवतात. जगायची इच्छा मला हास्यास्पद वाटत नाही. पण या अमरत्वाची यादी बघा. त्यात पैसेवाले आहेत आणि २०४५ पर्यंत तग धरणारे आहेत. एप्रिल २०२१ मध्ये बेडसाठी दीड दिवस थांबलेला एसटीचा मेकॅनिक त्यात नाही. असणारही नाही, कारण तो आधीच मेलाय. ख्रिस्ती आशा सुरूच मेलेल्यांपासून होते. सुरुवातही एका अशा मेलेल्यापासून होते, ज्याला सरकारने गुन्हेगार म्हणून टांगलं होतं. जी आशा मेलेल्यांना वगळते, ती कितीही हायटेक असली तरी माझ्या आईच्या कामाची नाही.

आणि तो उठला तेव्हाही त्याच्या हातांवर व्रण होते. थोमाला त्याने तेच दाखवले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सार्वकालिक जीवन म्हणजे डिस्क फॉरमॅट करणं असतं, तर व्रण पुसले गेले असते. ते राहिले. म्हणजे तिथे गेल्यावर इथलं काहीच आठवणार नाही, काहीच मोजलं जाणार नाही, असं नाही. पप्पांचे ग्रीसने काळे पडलेले नखांचे कोपरे, आईने न टाकलेली मूठभर माती, तो दीड दिवस, याचा हिशोब कुठेतरी लागणार आहे. मी यावरच उभा आहे. सगळ्या रात्री उभा राहतो असं नाही. काही रात्री मला वाटतं, माझा मित्र बरोबर आहे आणि मी फक्त घाबरलेला मुलगा आहे. पण अशा रात्री ‘पॉझिटिव्ह रहा’ मला उठवत नाही. सगळं ठीक होईल असं मला वाटतच नाही. बरंच काही ठीक झालेलं नाही आणि पुष्कळदा इथे होणारही नाही. आशेचा आणि आशावादाचा फरक मला इथे कळला. आशावादाला चांगली बातमी लागते. आशा वाईट बातमी पूर्ण ऐकून घेते आणि तरी वाट बघते.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. आई, पप्पा आपल्यापेक्षा चांगल्या ठिकाणी गेलेले नाहीत. ते सुरक्षित हातांत आहेत, पण गोष्ट अजून संपलेली नाही. तुझ्यासारखीच त्यांनाही वाट बघायची आहे.

हे मी तिला गेल्या दिवाळीत सांगितलं. साडेचार वर्षं कबरीवर साधा लाकडी क्रूस होता आणि आता दगड बसवायचा होता. काका म्हणाले, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ लिहू, सगळे तेच लिहितात. आईने मान हलवली. तिला पप्पांचं नाव हवं होतं, दोन तारखा, त्याखाली ‘एसटी मेकॅनिक’ आणि शेवटी ‘पुनरुत्थानाची वाट पाहतोय’. काका म्हणाले, मेकॅनिक कशाला, कबर आहे, व्हिजिटिंग कार्ड नाही. आई म्हणाली, उठल्यावर ओळखायला नको का?

दगडावर कोरणारा कारागीर अक्षरावर पैसे घेतो. त्याने कागद वाचला, अक्षरं मोजली आणि विचारलं, “मावशी, ‘पाहतोय’च ठेवू ना? ‘पाहत आहे’ केलं तर एक अक्षर वाढेल.”

“पाहतोयच ठेव,” आई म्हणाली. “ते असंच बोलायचे.”